पंचेचाळीस फेऱ्यांची तबकडी: साठच्या दशकात तीन मिनिटांत काय काय मावलं

तबकडीवाला | शनिवार, सकाळी ९:१०

आधी एक प्रयोग करा, मग वाचा. रॉनेट्सचं 'बी माय बेबी' लावा. ते संपलं की लगेच टेम्प्टेशन्सचं 'क्लाउड नाइन'. पहिलं १९६३चं, दुसरं १९६८चं. दोन्ही अमेरिकेतली, दोन्ही सात इंची तबकडीवर निघालेली, दोन्ही चार मिनिटांच्या आत संपणारी. मध्ये फक्त पाच वर्षं. आपल्याकडे पाच वर्षांत एका विधानसभेची मुदत संपते, रस्त्याचं काम तरी पुरं होत नाही.

धागा काढायचं निमित्त असं की परवा एक मित्र ठामपणे म्हणाला, "साठचं दशक म्हणजे बीटल्सचा 'सार्जंट पेपर' अल्बम. त्याआधी सगळी बाळबोध प्रेमगीतं, त्यानंतर खरं संगीत." चहा थंड होईपर्यंत भांडलो. माझं म्हणणं उलटं आहे. जे काही नवं घडलं ते आधी सिंगलवर घडलं, एलपी, म्हणजे अनेक गाण्यांची मोठी तबकडी, मागून आली. आणि पॉप, सोल (कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या गाण्यातून आलेलं), सायकेडेलिक (नशेतल्या भासांसारखं वाटणारं) हे तीन वेगळे कप्पे आपण नंतर केले. तेव्हा ते एकाच चाळीतले शेजारी होते; एकाच्या घरी फोडणी पडली की दुसऱ्याला ठसका लागायचा.

ज्यांच्या घरी तबकडी म्हणजे एचएमव्हीची चार गाण्यांची ईपी, त्यांच्यासाठी सांगतो. तिकडची सिंगल म्हणजे सात इंच व्यास, मिनिटाला ४५ फेरे, एका बाजूला एक गाणं, मागे दुसरं. आरसीए व्हिक्टरने १९४९ मध्ये बाजारात आणली. मध्ये ते मोठं भोक असायचं, तबकड्या आपोआप बदलणाऱ्या चेंजरच्या जाड दांड्यात एकावर एक ओवता यावं म्हणून.

गाणं तीन मिनिटांचंच का, यामागे लाकूडतोड्यासारखं रोखठोक कारण आहे. आवाज मोठा आणि बास जाड असेल तर सुईची खाच तेवढी रुंद हेलकावे घेते, जागा खाते. गाणं लांबवलं की खाचा दाटीवाटीने बसवाव्या लागतात आणि आवाज दबतो. ज्यूकबॉक्समध्ये आधीची तबकडी दणदणीत वाजली आणि आपली मुळूमुळू, तर पुढचं नाणं कोण टाकणार? वर रेडिओवाले. त्यांना लांब गाणं नकोच असायचं, मध्ये जाहिराती बसवायच्या असायच्या. फिल स्पेक्टरने राइटियस ब्रदर्सचं 'यूव्ह लॉस्ट दॅट लव्हिन फीलिन' काढलं ते होतं पावणेचार मिनिटांचं. पठ्ठ्याने लेबलवर ३:०५ छापलं. गाणं पहिल्या नंबरावर गेलं, मग कोण घड्याळ लावून बसतंय.

माझ्या मते बिजागरी १९६५च्या उन्हाळ्यात आहे. जून ते ऑगस्ट, तीन महिने. रोलिंग स्टोन्सचं 'सॅटिस्फॅक्शन' आलं आणि आवाज मुद्दाम फाटका करणाऱ्या फझ पेडलमधून गिटार अशी खरखरली की लोकांना वाटावं स्पीकरचा पडदा फाटलाय. बॉब डिलनचं 'लाइक अ रोलिंग स्टोन' सहा मिनिटांचं. कंपनीने रेडिओसाठी ते तोडून दोन बाजूंना घातलं, पण ऐकणाऱ्यांनी सबंध गाणं मागून घेतलं. जेम्स ब्राउनचं 'पापाज गॉट अ ब्रँड न्यू बॅग' आलं. आणि लंडनहून किंक्सचं 'सी माय फ्रेंड्स', ज्यात गिटार तानपुऱ्यासारखी एकाच सुरावर गुणगुणत राहते. एकाने आवाजाचा पोत बदलला, एकाने लांबी, एकाने ताल, एकाने सूर.

यातलं जेम्स ब्राउनचं गाणं माझ्या सगळ्यात जवळचं. फेब्रुवारी १९६५ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट इथे ध्वनिमुद्रित झालं, चांगलं सात मिनिटांचं. मग टेपचा वेग थोडा वाढवला, कापलं, पहिला भाग पुढे, दुसरा मागे. चाल अशी नाहीच म्हणा ना. पितळी वाद्यं म्हणजे ढोल आणि गिटारसुद्धा ढोल. गाणं कुठे 'जात' नाही, जागच्या जागी फिरतं. सगळा भार सम पकडण्यावर. आपल्या तबलजीला हे पटकन कळेल. पुढे सायकेडेलिकवाल्यांनी एकाच जागी घिरट्या घालणारी जी गाणी केली त्यांचं मूळ मी इथे मानतो, आणि यावर मार खायची तयारी ठेवून आहे.

बाकी तुम्ही भर घाला. मला विशेषतः सोल आणि सायकेडेलिक यांची देवाणघेवाण हवी आहे. कृपया गीतांचे शब्द टाइप करू नका, लिंका पुरे.

निवांत दुपार | शनिवार, सकाळी १०:०२

प्रयोग केला. दुसऱ्या गाण्याला आमच्या सासूबाई आतून म्हणाल्या, "रेडिओ नीट लाव." वाचतेय, पुढचं येऊ द्या. एक बाळबोध शंका: ही गाणी मोनो ऐकायची की स्टिरिओ? माझ्या हेडफोनमध्ये बीटल्स एका कानात गातात आणि ढोल दुसऱ्या.

अण्णा डोंबिवलीकर | शनिवार, दुपारी १२:३५

मोनो, मुली. सिंगल त्या काळी मोनोच निघायची, स्टिरिओ ही घरात मोठा सेट असलेल्यांची चैन. ती गाणी मोटारीतल्या रेडिओसाठी आणि खिशातल्या ट्रान्झिस्टरसाठी बनवलेली.

आमचं ऐकणं कसं होतं ते सांगतो. धोबीतलावला एका इराण्याकडे ज्यूकबॉक्स होता. आम्ही चौघं एका ब्रूनमस्क्यात आणि दोन चहांत बसायचो. नाणं कोण टाकणार यावरून भांडण. शेजारच्या टेबलावरच्या कॉलेजच्या पोरांनी टाकलं की आपलं फुकट. अर्धं दशक मी दुसऱ्यांच्या पैशांनी ऐकलंय.

दुसरं म्हणजे, तबकडीवाल्या, तू ४५ फेऱ्यांचं कौतुक करतोयस, पण आपल्याकडे बीटल्स ७८ फेऱ्यांवरही निघत होते हे लिही. तिकडे ७८ केव्हाच बंद झालेल्या. इथे लोकांकडे जुने चावीचे ग्रामोफोन होते, म्हणून कलकत्त्याच्या दमदमच्या कारखान्यात पार्लोफोनच्या लेबलखाली लाखेच्या तबकड्यांवर बीटल्स छापले गेले. आज परदेशी संग्राहक त्यांच्यासाठी वेडे होतात. माझ्याकडे एक होती. १९८२ मध्ये घर बदलताना हमालाच्या हातून पडली. लाख ती, काचेसारखी फुटली. तुकडे दोन वर्षं ठेवले होते.

तबकडीवाला | शनिवार, दुपारी १२:५०

अण्णा, आईशप्पथ. कुठलं गाणं होतं?

अण्णा डोंबिवलीकर | शनिवार, दुपारी १:१५

ते सांगत नाही. अजून त्रास होतो.

खाडीकाठची | शनिवार, दुपारी ३:४०

'सी माय फ्रेंड्स'चा उल्लेख आला आणि मुंबईचं नाव कसं नाही आलं? जानेवारी १९६५ मध्ये किंक्स ऑस्ट्रेलियाला जाताना मुंबईत थांबले होते. रे डेव्हिसने नंतर मुलाखतींमध्ये सांगितलंय की पहाटे हॉटेलजवळच्या किनाऱ्यावर कामाला निघालेले मच्छीमार एका सुरात गात होते, ते ऐकून हे गाणं सुचलं. म्हणजे इंग्लंडच्या अगदी सुरुवातीच्या एका 'भारतीय' पॉप सिंगलच्या मागे कोणी उस्ताद नाही, कोळी आहेत. बीटल्सच्या 'नॉर्वेजियन वुड'मधली सतार त्यानंतर डिसेंबरात आली.

मी कोळीवाड्यातली, म्हणून ऊर भरून येतो, पण थोडं खटकतंही. नेटवर जो तो लिहितो 'चँटिंग', जणू काही मंत्र चालले होते. अहो, पहाटे होडी पाण्यात ढकलताना, जाळं ओढताना जी हाळी देतात ती सगळ्यांचा जोर एकाच क्षणी लागावा म्हणून. एक जण उचलतो, बाकीचे ओढतात. माझे आजोबा म्हणायचे, सूर चुकला तरी चालेल, ओढ चुकली तर पाठ जाईल. त्या माणसाने बाल्कनीतून त्यातला लांबवलेला सूर ऐकला. ओढ त्याला ऐकू आली नाही. गाण्यात ओढ नाही, फक्त उदासी आहे. गाणं सुंदरच आहे, पण ते आमचं नाही, त्याच्या जागरणाचं आहे.

मंद्र सप्तक | शनिवार, दुपारी ४:२०

@खाडीकाठची, शेवटची दोन वाक्यं कापून ठेवली.

सुराच्या अंगाने एक भर. त्या गाण्यात सतार नाही, हे लोकांना सांगून पटत नाही. गिटारीचाच गुंजारव आहे. यार्डबर्ड्सने 'हार्ट फुल ऑफ सोल'साठी खरा सतारवादक बोलावला होता, पण त्यांना हवा तो ठोसा येईना, म्हणून जेफ बेकने तीच सुरावट फझ लावून गिटारीवर वाजवली. तेही १९६५च. पुढच्या वर्षी बर्ड्सचं 'एट माइल्स हाय' आलं. त्यांच्या दौऱ्याच्या गाडीत एकच टेप सारखी वाजत असे, जॉन कोलट्रेन आणि पंडित रविशंकर. बारा तारांच्या रिकनबॅकर गिटारीवर रॉजर मॅग्विन जे करतो ते कोलट्रेनच्या सॅक्सोफोनची नक्कल करायला जाऊन झालेलं भलतंच काहीतरी आहे. गाणं विमानप्रवासाचं, असं ते सांगत राहिले. रेडिओवाल्यांनी 'हाय'चा दुसरा, नशेचा अर्थ काढला आणि ते वाजवणं सोडलं.

म्हणजे बघा, लंडन-लॉस एंजेलिसला हवा होता तो सूर, आणि वाद्य मिळेना म्हणून विजेच्या गिटारीकडून काढून घेतला. सायकेडेलिक गिटार निम्मी या अडचणीतून जन्मली, असं माझं मत.

शंकेखोर | शनिवार, संध्याकाळी ६:०५

सगळं छान चाललंय म्हणून मीठ टाकतो.

एक, सायकेडेलिक संगीत हे लांबीचंच संगीत. तीन मिनिटांत कसली समाधी लागते? सिंगल म्हणजे त्या संगीताची जाहिरात. दोन, सोलवाल्यांचा यात काय संबंध? मोटाउन ही डेट्रॉइटची रेकॉर्ड कंपनी म्हणजे कारखाना होता. तिचा मालक बेरी गॉर्डी स्वतः मोटारीच्या कारखान्यात पट्ट्यावर काम केलेला माणूस. त्याने तोच पट्टा गाण्यांना लावला. दर आठवड्याला बैठक, मतदान, पास-नापास. सुप्रीम्सची १९६४-६५ मध्ये ओळीने पाच गाणी एक नंबरावर गेली ती एकाच साच्यातली. यात उत्क्रांती कुठली? आणि 'क्लाउड नाइन' तर सरळ स्लाय अँड द फॅमिली स्टोनची नक्कल.

डेट्रॉइटचा पाहुणा | रविवार, पहाटे ५:२५

(इथे अजून शनिवार संध्याकाळ आहे.)

शंकेखोर, कारखाना शब्द बरोबर आहे, पण कारखाना पाहायला या एकदा. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्ड, घर नंबर २६४८. आपल्या सोसायटीच्या एखाद्या छोट्या बंगल्याएवढं दुमजली घर, दर्शनी भागावर 'हिट्सव्हिल यूएसए'. गॉर्डीने १९५९ मध्ये घरच्यांच्या भिशीवजा फंडातून ८०० डॉलर उसने घेऊन सुरुवात केली. स्टुडिओ ए म्हणजे मागचं गॅरेज. चार पायऱ्या उतरून खाली जायचं, म्हणून वादक त्याला सापांचं बीळ म्हणत. छतातून केबली लोंबायच्या. पहिल्या भेटीत मी गाइडला दोनदा विचारलं, हेच का ते? दुसऱ्या खोलीत छताला एक भोक आहे, वर माळा. आवाजाला घुमारा हवा असेल तर तो माळ्यात पाठवायचे. गाइडने आम्हाला त्याखाली उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. आमच्या मंडळाच्या एका काकूंनी 'मोरया' म्हणून हाळी दिली. मोटाउनच्या माळ्यावर मोरया घुमलेला मी ऐकलाय, आता मरायला हरकत नाही.

साच्याबद्दल. सुप्रीम्सच्या 'व्हेअर डिड अवर लव्ह गो'मधला तो धप-धप आवाज म्हणजे लाकडी फळ्यांवर बुटांनी आपटलेले पाय. 'नोव्हेअर टू रन'मध्ये बर्फात टायरला बांधायच्या साखळ्या वाजवल्या आहेत. जेम्स जेमर्सनचा बास ऐका. पठ्ठ्या उजव्या हाताच्या एका बोटाने वाजवायचा आणि तारा तुटेपर्यंत बदलायचा नाही. १९६१च्या 'प्लीज मिस्टर पोस्टमन'पासून १९६७पर्यंत फक्त त्याच्या बासचा माग काढा. आधी तो मुकाट ठेका धरतो, मग गायकाशी बोलायला लागतो, शेवटी गायकाच्या पाठीमागे स्वतःचंच गाणं म्हणतो. ही उत्क्रांती नाही तर काय? आणि इतकं करून या वादकांची नावं मोटाउनच्या तबकड्यांवर दशकभर छापलीच गेली नाहीत.

बैठक नेहमी बरोबर ठरायची असंही नाही. 'आय हर्ड इट थ्रू द ग्रेपव्हाइन' मार्विन गेने १९६७ मध्ये गाऊन ठेवलं होतं. गॉर्डीने नापास केलं. आधी ग्लॅडिस नाइटचं वेगळ्या चालीचं बाहेर आलं आणि गाजलं. गेचं एलपीवर कुठेतरी टाकून दिलं, तर रेडिओवाल्यांनीच ते उचलून वाजवायला सुरुवात केली. १९६८च्या अखेरीला सिंगल काढावी लागली, आणि ती सात आठवडे अव्वल राहिली. तो सुरुवातीचा घोंघावणारा इलेक्ट्रिक पियानो, ते सापासारखं सरपटणं! त्यात सायकेडेलिक काही नाही म्हणणाऱ्याने पुन्हा ऐकावं.

बासवाली | रविवार, सकाळी ८:५०

जेमर्सनचं नाव निघाल्यावर गप्प बसवत नाही.

शंकेखोर, सोलचा संबंध विचारलात ना? हा घ्या. १९६६ मध्ये बीटल्सचा जॉन लेनन त्यांच्या कंपनीच्या, ईएमआयच्या, इंजिनियरांवर करवादला की सोल गायक विल्सन पिकेटच्या रेकॉर्डवर बास असा छातीवर येतो आणि आमच्यावर का नाही. ईएमआयमध्ये भीती अशी की बास जास्त झाला तर सुई खाचेतून उडी मारेल. 'पेपरबॅक रायटर'च्या वेळी शेवटी एक युक्ती केली. लाउडस्पीकरलाच उलटा जोडून माइक म्हणून बासच्या स्पीकरसमोर ठेवला. पडदा मोठा, त्यामुळे जाड आवाज पकडला गेला. त्याच वर्षी बीटल्स मेम्फिसला स्टॅक्स या सोल कंपनीच्या स्टुडिओत जाऊन रेकॉर्ड करायचं म्हणत होते, त्यांचा मॅनेजर पाहणीही करून आला. ते जमलं नाही. जमलं असतं तर हा धागा कुणाला काढावाच लागला नसता.

आता ती तबकडी उलटी करा. मागच्या बाजूला 'रेन'. वाद्यं जलद वाजवून घेतली आणि टेप सावकाश फिरवली, म्हणून झांजा अशा चिखलातून चालल्यासारख्या वाजतात. शेवटी लेननचा आवाज चक्क उलटा फिरवलेला. जून १९६६. 'सार्जंट पेपर'ला अजून वर्ष आहे, आणि हे सगळं एका सिंगलच्या *मागच्या* बाजूला. समाधी तीन मिनिटांत लागते हो, घाईची असते इतकंच.

माझ्या दृष्टीने कळस 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर', फेब्रुवारी १९६७. ते एक गाणं नाही, दोन आहेत. एक संथ, मोजक्या वाद्यांचं. दुसरं जलद, तुताऱ्या आणि चेलोंचं. लेननला पहिल्याचं तोंड आणि दुसऱ्याचं धड हवं होतं. पट्टी वेगळी, लय वेगळी. निर्माता जॉर्ज मार्टिन आणि इंजिनियर जेफ एमरिकने टेपच्या वेगाशी खेळत दोन्ही जुळवून सांधली. सांधा एका मिनिटाच्या आसपास आहे. मागे 'पेनी लेन'. इतकी मोलाची तबकडी इंग्लंडात दोन नंबरावर अडकली.

फोर्टातला | रविवार, सकाळी ९:३०

आणि तिला अडवलं कोणी? एंगेलबर्ट हंपरडिंकने, 'रिलीज मी' गाऊन. साहेबांचा जन्म मद्रासचा! सायकेडेलियाला लंडनमध्ये मद्राशाने रोखलं.

अवांतरातून मुद्द्यावर. मार्च १९६८ मध्ये बीटल्सची 'लेडी मॅडोना' आली. तिच्या मागच्या बाजूला 'द इनर लाइट', जॉर्ज हॅरिसनचं सिंगलवर आलेलं पहिलं गाणं. त्यातलं सगळं वादन जानेवारी १९६८ मध्ये मुंबईत, फोर्टातल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत झालेलं आहे. सरोद, शहनाई, बासरी, पखवाज, सगळे इथले वादक. आवाज नंतर लंडनला चढवला. मी पंचवीस वर्षं फिरोजशहा मेहता रोडवरून ऑफिसला गेलो आणि हे मला निवृत्तीनंतर कळलं.

वाटसरू | रविवार, सकाळी ११:१०

बायकांचा विषय अजून सुप्रीम्सच्या पुढे सरकला नाही, म्हणून लिहिते.

'रिस्पेक्ट' आधी ओटिस रेडिंगचं, १९६५. त्यात दमून घरी आलेला पुरुष बायकोकडे मान मागतो. १४ फेब्रुवारी १९६७ला न्यूयॉर्कमध्ये अरीथा फ्रँकलिनने तेच गाणं घेतलं आणि मागणारा बदलला. चाल जवळपास तीच. पण अक्षरं सुटी सुटी उच्चारणं तिचं, मागे बहिणींचा तो बोचरा कोरस तिचा, पियानोही तिचाच. मध्ये किंग कर्टिसचा सॅक्सोफोन येतो तो तुकडा सॅम अँड डेव्हच्या वेगळ्याच गाण्यातून उचलून बसवलाय, म्हणून एकदम दार उघडून दुसऱ्या खोलीत गेल्यासारखं होतं. एकही फझ पेडल न लावता, टेप उलटी न फिरवता. नवं करायला दरवेळी यंत्रच लागतं असं नाही, एवढंच बासवालीला सांगायचं होतं.

आणि एक गोष्ट या चर्चेत यायला हवी. नोव्हेंबर १९६३ ते जानेवारी १९६५ लोकप्रिय गाण्यांच्या याद्या छापणाऱ्या बिलबोर्ड साप्ताहिकाने कृष्णवर्णीय संगीताची वेगळी यादीच छापली नाही. सगळं एकाच शंभरात. कारण असं की गोरी पोरं मोटाउन विकत घेत होती, दोन याद्या सारख्याच दिसायला लागल्या होत्या. मग बीटल्स आले आणि एप्रिल १९६४ मध्ये पहिल्या पाचही जागा त्यांच्या. पुढे वेगळी यादी परत आणली. शेजारी म्हणताय, पण चाळीत भिंती होत्या.

तबकडीवाला | रविवार, दुपारी ४:४५

वाटसरू ताई, मान्य. चाळीत भिंती होत्या, आणि भाडंही सारखं नव्हतं.

शंकेखोर यांचा 'नक्कल' मुद्दा राहिला. टेम्प्टेशन्सच्या ओटिस विल्यम्सने स्वतःच सांगितलंय की त्याने त्यांचा निर्माता नॉर्मन व्हिटफील्डला स्लाय स्टोन ऐकायला सांगितलं, तर व्हिटफील्ड म्हणाला हे चार दिवसांचं खूळ आहे. आणि थोड्याच दिवसांत 'क्लाउड नाइन' घेऊन उभा राहिला! म्हणजे आरोप अर्धा खरा. पण डेनिस कॉफीची ती वाह-वाह गिटार आणि पाच गायकांनी ओळ एकाकडून दुसऱ्याकडे फेकणं हे मोटाउनच्याच मुशीतलं होतं. मोटाउनला पहिलं ग्रॅमी याच गाण्याने दिलं, सुप्रीम्सच्या त्या पाचांपैकी एकानेही नाही.

खरं उत्तर मात्र मेम्फिसचं आहे. मॅकलेमोर अव्हेन्यूवरचं जुनं सिनेमा थिएटर, खुर्च्या काढून केलेला स्टुडिओ. जमीन तशीच उतरती ठेवलेली, म्हणून स्टॅक्सच्या आवाजात तो खोलगट दणका. शेजारी रेकॉर्डचं दुकान. मालकीणबाई नव्या गाण्यावर दुकानातली पोरं नाचतात का ते पाहायच्या. ज्या शहरात काळ्या-गोऱ्यांना एका टेबलावर बसायची चोरी, तिथे स्टॅक्सच्या घरच्या वादकांच्या चमूत, बुकर टी आणि एमजीजमध्ये, दोन काळे, दोन गोरे.

१९६७च्या उन्हाळ्यात ओटिस रेडिंग माँटेरीच्या महोत्सवात फुलंवाल्या हिप्पी पोरांपुढे गायला. मग सॅन फ्रान्सिस्कोजवळ सॉसालिटोला एका हाउसबोटीत राहिला. 'सार्जंट पेपर' वाजवून वाजवून झिजवत होता म्हणतात. तिथे गोदीवर बसून लाटा बघणाऱ्या माणसाचं गाणं सुचलं, 'डॉक ऑफ द बे'. एरवी घसा फोडून गाणारा हा माणूस इथे जवळजवळ पुटपुटतो. स्टॅक्सच्या मालकाला गाणं आवडेना, यात सोल कुठाय म्हणे. नोव्हेंबर-डिसेंबरात मुद्रण झालं. १० डिसेंबर १९६७ला विस्कॉन्सिनमध्ये त्याचं विमान मोनोना तळ्यात कोसळलं. वय २६. गिटारवाल्या स्टीव्ह क्रॉपरने त्यानंतर एकट्याने बसून मिक्स केलं, त्यात लाटा आणि समुद्रपक्षी घातले. जानेवारीत सिंगल आली आणि एक नंबरावर गेली. गायक गेल्यावर अव्वल आलेलं तिथलं पहिलं गाणं.

शेवटची शीळ ऐका. ते सोल आहे की सायकेडेलिक? मी गेली वीस वर्षं ठरवतोय.

शंकेखोर | रविवार, संध्याकाळी ५:३०

बरं. अर्धा मुद्दा सोडतो. पण लांबीचा नाही सोडणार. 'हे जूड' सात मिनिटं अकरा सेकंदांचं, १९६८. म्हणजे तीन मिनिटं पुरली नाहीतच ना?

बासवाली | रविवार, संध्याकाळी ६:१५

बांध फुटला हे खरं. पण ती सात मिनिटं सात इंचांवरच बसवली होती ना! खाचा कशा दाटून घेतल्या असतील त्या कापणाऱ्याने, त्याला कोणी हार घातला नाही. १९६९ पर्यंत व्हिटफील्डही एलपीवर नऊ-नऊ मिनिटांची गाणी करून सिंगलसाठी निम्मी कापायला लागला. तिथून सिंगल म्हणजे जाहिरात, हे तुमचं म्हणणं बरोबर. फक्त तारीख तीन वर्षं आधीची लावलीत.

मंद्र सप्तक | रविवार, संध्याकाळी ७:००

'गुड व्हायब्रेशन्स' कोणीच कसं नाही काढलं? बीच बॉइज, ऑक्टोबर १९६६. चार स्टुडिओ, ९० तासांहून जास्त टेप, आणि हाती काय तर ३ मिनिटं ३५ सेकंद. ब्रायन विल्सनने तुकडे तुकडे वेगळे मुद्रित केले आणि गोधडीसारखे जोडले. शंकेखोर, लांबी हवी ना? ही घ्या, नव्वद तासांची, घडी घालून.

निवांत दुपार | रविवार, रात्री १०:२०

मुलांना झोपवून 'स्ट्रॉबेरी फील्ड्स' मोनोमध्ये सहा वेळा ऐकलं. आधी चार वेळा काही कळलं नाही. पाचव्यांदा डोळे मिटून घड्याळ लावलं, आणि एका मिनिटाला एकदम जमीन खचल्यासारखी झाली. हवाच बदलते. सापडला सांधा!

आता सहाव्यांदा फक्त सांधाच ऐकू आला. हा परत बुजवायचा कसा?

बासवाली | रविवार, रात्री १०:४१

नाही बुजत. माझा १९९४ पासून उघडा आहे.